आमच्या ब्लॉकचा गुप्तहेर

भाऊ कोणाच्याही घरी गेले की आधी पायांकडे पाहत. चेहऱ्याकडे मागाहून, आणि तेही वेळ उरला तर.

"सिंटर," ते म्हणत. "रातपाळी करून आला. सायकल पंक्चर होती, अर्ध्या रस्त्यानं पायी आला."

भिलाईसारख्या पोलाद कारखान्याच्या गावात हे ओळखणं फार कठीण नाही, हे मी आज कबूल करतो. कोक ओव्हनमधून सुटलेल्या माणसाच्या जोड्यांवर काळी धूळ असते, सिंटर प्लांटवाल्याच्या जोड्यांवर लोहखनिजाची लाल, आणि ऑफिसातल्या माणसाच्या जोड्यांवर काहीच नसतं म्हणून तो ओळखू येतो. पण भाऊ एवढ्यावर थांबत नसत. माझ्या लग्नात मांडवाच्या दारात उभं राहून त्यांनी एकशेवीस पाहुण्यांची खाती सांगितली. एकशेएकोणीस बरोबर निघाली. उरलेला एक जण प्लांटमध्ये नोकरीलाच नव्हता, सहा वर्षं नुसता डबा घेऊन घरातून निघत होता, आणि हे त्याच्या सासऱ्याला ऐन मंगलाष्टकांत कळलं. त्या दिवशी अक्षता माझ्यावर कमी आणि त्याच्यावर जास्त पडल्या.

मी वाढवून सांगतो असं माझी बायको म्हणते. तिच्या मते पाहुणे नव्वदच होते.

भाऊ रेल मिलमध्ये क्रेन चालवत. छपराखालून सरकणाऱ्या केबिनमध्ये आठ तास बसायचं आणि खाली लालभडक रूळ पुढं जाताना पाहायचे. मी तेव्हा नवा लागलो होतो. खाली उभं राहून त्यांना हाताने खुणा करणं हे माझं काम. शिफ्ट संपवून ते शिडीने उतरले की खालच्या जगाची बातमी आम्हालाच सांगत. आज फोरमन कोणाशी बोलला नाही, अमक्याने डबा उघडला आणि तसाच बंद केला, म्हणजे घरी भांडण आहे.

"वरून सारं दिसते रे," हे त्यांचं वाक्य. दिवसातून वीस वेळा. झोपेतही म्हणत असं त्यांची बायको, आमच्या वहिनी, सांगायच्या.

त्या काळी छत्तीसगड वेगळं राज्य झालेलं नव्हतं आणि टीव्हीला एकच चॅनल होतं. रविवारी सकाळी दहा वाजता त्यावर एका गुप्तहेराची मालिका लागे. हा गुप्तहेर हडकुळा, शांत, जरा पोक काढून चालणारा. खून बँकेत होवो, नाटकाच्या रंगमंचावर होवो, नाहीतर घोड्यांच्या तबेल्यात, तो संशयिताच्या घरी जाऊन एकच म्हणे, "पहले रसोई दिखाइए." आणि डाळीच्या डब्यावरून खुनी पकडे.

आमच्या ब्लॉकमधला एकुलता एक टीव्ही भाऊंच्या घरी होता. त्यामुळे रविवारी दहा वाजता तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत चाळीस माणसं बसत. चाळीस हा आकडा मी चपला मोजून काढलेला आहे. एक्क्याऐंशी भरल्या होत्या; जास्तीची एक कोणाच्या कुत्र्याने आणून टाकली होती. भाऊ दारातच बसत, म्हणजे आत येणाऱ्याचे पाय दिसावेत. मालिका संपेपर्यंत कोणी खोकायचं नाही. शेजारच्या एका बाळाला त्या अर्ध्या तासात रडू न येण्याची सवयच लागली होती. आणि वहिनी चहाची किटली घेऊन आतबाहेर करत.

मालिका भाऊंच्या अंगात भिनली. सेक्टरमध्ये काहीही हरवलं की भाऊ हजर. "पहिले रसोई दाखवा," म्हणत ते सरळ आत शिरत. बायका आधी चिडल्या, मग सरावल्या, मग भाऊ येणार असं कळलं की डबे घासून ठेवू लागल्या. प्रत्येक प्रकरणाची फाइल असे, आणि ती प्लांटच्या लॉगबुकाच्या धर्तीवर लिहिलेली असे. 'सहा वाजून दहा मिनिटे, संशयित दातण करताना आढळला. सहा वाजून बारा, संशयिताने माझ्याकडे पाहिले. सहा वाजून तेरा, मी संशयिताकडे पाहिले.' जास्वंदीची फुलं रोज कोण नेतं या प्रकरणात एकोणीस घरांची तपासणी झाली. अखेर चोर म्हणून एक बकरी निघाली. तिचाही जबाब फाइलमध्ये आहे, दीड ओळीचा.

या सगळ्यात त्यांचा एक साथीदार होता. शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहणारे, सिंटर प्लांटमध्ये कामाला असलेले गृहस्थ. ते वहिनींच्या माहेरच्या गावचे, भंडाऱ्याकडचे. गावचा भाऊ म्हणजे सख्खा भाऊ, हा तिकडचा हिशेब. म्हणून भाऊंच्या पोरांचे ते मामा, आणि मग साऱ्या ब्लॉकचे मामा झाले. वहिनी त्यांना दादा म्हणायच्या आणि ते वहिनींना बाई. मामा बोलायला अगदी कमी. भाऊंनी एक तास तपासाची हकीकत सांगितली की मामा म्हणत, "होय ना." एवढ्यावर त्यांची दोस्ती पंधरा वर्षं चाललेली. एका ताटात जेवत, एका सायकलवर गेटपर्यंत जात.

ती एका रविवारी मोडली, आणि तोही मालिकेच्या शेवटच्या भागाचा रविवार.

त्या शेवटच्या भागासाठी भाऊंनी तीन आठवडे आधी ड्युटी बदलून घेतली होती. गुप्तहेराचा स्वतःचा जिवलग मित्रच खुनी असल्याचा संशय होता आणि उत्तर त्या दिवशी मिळणार होतं. पावणेदहाला चाळीस माणसं बसली. दहाला टीव्ही लावला. पडद्यावर मुंग्या. आवाजाच्या जागी नुसती खरखर.

भाऊ गच्चीवर धावले, मागोमाग मी. अँटेनाची चपटी वायर कापलेली होती. तुटलेली नव्हे, कापलेली, आणि मधला हातभर तुकडा गायब. खाली सिमेंटवर जोड्यांचे ठसे. लाल.

भाऊ गुडघ्यांवर बसले. लाल धूळ बोटावर घेऊन पाहिली, हुंगली, आणि माझी खात्री आहे की थोडी चाखलीही. त्यांचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता. ब्लॉकमध्ये सिंटर प्लांटचा माणूस एकच होता.

आम्ही खाली आलो आणि त्याच वेळी फाटकातून मामा शिरले. घामाघूम, सायकल हातात, पायांत ड्युटीचे जोडे. रातपाळी सहाला सुटलेला माणूस सव्वादहापर्यंत ड्युटीच्या जोड्यांत.

"जोडे दाखव," भाऊ म्हणाले.

चाळीस माणसं अंगणात. मामांनी आपल्या जोड्यांकडे पाहिलं. मग भाऊंच्या खांद्यावरून पलीकडे, दारात किटली घेऊन उभ्या असलेल्या वहिनींकडे पाहिलं.

"गच्चीवर तूच गेल्ता. वायर तूच कापली. घरात टीव्ही नाही म्हून जळतेस तू माह्यावर. अन् मी तुले एका ताटात घेतलं."

 खाली वाकून मामांनी दोन्ही जोड्यांच्या नाड्या सोडल्या, जोडे भाऊंच्या पुढ्यात ठेवले आणि अनवाणी आपल्या घरात निघून गेले.

मालिकेचा तो भाग दुसऱ्या ब्लॉकमधल्या लोकांनी पाहिला होता. ते भाऊंना शेवट सांगायला येत. भाऊ कानांवर हात ठेवत. "ऐकीव पुरावा चालत नाही," म्हणत. पुढे तो भाग परत कधी लागला नाही. त्याच्या टेपाच पुसल्या गेल्या म्हणे.

त्यानंतर सतरा वर्षं हे दोघे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहिले आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. एका गेटने जायचे, एका रांगेत हजेरी लावायचे. भाऊबीजेला वहिनी मागच्या कुंपणापाशी जात, पलीकडून मामा पाट घेऊन येत आणि कुंपणावरूनच ओवाळणं होई. भाऊ तेवढा वेळ पुढच्या खोलीत मोठ्याने पेपर वाचत. निवृत्तीनंतर भाऊंनी स्मृति नगरला घर बांधलं, मामा-मामी मुलाकडे दुर्गजवळ बोरसीला गेले. मग कुंपणही उरलं नाही.

भाऊ गेले, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. त्या जुन्या मालिकेवर आता सिनेमा आला होता. तोच गुप्तहेर, तोच नट, पस्तीस वर्षांनी म्हातारा होऊन परतलेला. शेवटच्या भागातलंच प्रकरण तो पुन्हा उघडणार असं जाहिरातीत होतं. भाऊंनी मला कोहक्याला, माझ्या घरी, सकाळी सहा वाजता फोन केला. "गाडी काढ. फाइल पुरी करायची हाय."

मी गेलो तर भाऊ लग्नातला कोट घालून फाटकात उभे. कोटात आता दोन भाऊ मावले असते. वहिनीही निघाल्या. या मालिकेचं नाव काढलं की त्या उठून आत जायच्या हे मला ठाऊक होतं, म्हणून मला नवल वाटलं. "एकटं नाही सोडत त्यांले," एवढंच त्या म्हणाल्या.

मॉलमधल्या त्या थंड हॉलमध्ये आम्ही धरून अकरा माणसं होतो. सिनेमा सुरू झाला आणि अर्ध्या तासात भाऊ खचले. त्या हडकुळ्या, शांत माणसाला केस काळे करून, गॉगल लावून हेलिकॉप्टरमधून उतरवलं होतं. सोबत एक तरणी मदतनीस, ती सगळे गुन्हे मोबाइलवरच सोडवत होती. "हा थो नाही," भाऊ कुजबुजले. "याले कोनी बदललं." मग एका बंगल्यात तो म्हातारा नट थबकला, जरा पोक काढून उभा राहिला आणि म्हणाला, "पहले रसोई दिखाइए." भाऊंनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. अजून मला त्या मनगटात कळ येते, आणि हे मी वाढवून सांगत नाही.

तर त्या शेवटच्या भागात गुप्तहेराने आपल्या मित्राला तुरुंगात धाडलं होतं, हे आम्हाला पस्तीस वर्षांनी कळलं. आणि आता त्याला कळतं की मित्र निर्दोष होता. तो डोंगरातल्या कुठल्याशा गावी मित्राचं घर शोधत जातो. दार उघडतं. समोर भिंतीवर मित्राचा फोटो, त्याला हार घातलेला. म्हातारा नट तिथंच खाली बसला. मध्यंतराचे दिवे लागले.

भाऊ उभे राहिले. "चल. बोरसीले."

"अन् बाकीचा पिक्चर?"

"पाहू नंतर. थो जिवंत हाय न अजून?"

मी गाडी काढली. भाऊ माझ्याशेजारी, वहिनी मागे. वाटेत भाऊंचं ठरलेलं भाषण सुरू झालं. "जाऊन सांगतो त्याले, झालं गेलं सोड. मी तुले माफ केलं. फोटोले हार घातल्यावर माफ करून काय फायदा? जित्तेपनी माफ करतो. मोठ्या मनानं."

 दुर्गच्या बाजूला वळलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, गाडी बाजूले घ्या."

"वहिनी, मळमळते का?"

"नाही. बोलायचं हाय."

मी एका कडुलिंबाखाली गाडी लावली. वहिनी खिडकीबाहेर पाहत बोलल्या. "वायर मी कापली होती."

"कोनती वायर?" भाऊ म्हणाले. आणि मग त्यांना समजलं ते मला त्यांच्या मानेवरून दिसलं.

"दोन वर्षं झाली होती. दर रविवारी चाळीस जनांचा चहा. तुमी दारात बसून पाय पाहत होते, मी चुलीपाशी उभी. माहे पाय नाही पाहिले कधी. मले एक रविवार पाह्यजे होता. एकच. आंग टेकायले. शेवटचा भाग हाय हे मले कोनी सांगितलं असतं तं थांबली नसती का? आठ दिवस."

"हातभर तुकडा?"

"वालाच्या वेलाले बांधला. मागच्या अंगनात. तुमी स्वतः पानी घालत होते त्या वेलाले. दोन महिने शेंगा खाल्ल्या. चांगल्या लागतेत म्हनत होते."



"सांगितलं कावून नाही?" भाऊंनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

"चाळीस लोकांसमोर? मनात म्हटलं, उद्या सांगीन. मंग तुमी दोघांनी बोलनंच सोडलं. मले भेव वाटलं, आता सांगितलं तं तुमी दोघंही मले सोडान. मंग उद्या-उद्या करून एवढी वर्षं झाली."

"साऱ्या सेक्टरच्या रसोया पाहिल्या मी," भाऊ स्वतःशीच म्हणाले.

"आपल्या रसोईत तुमी पानी प्यायलेही नाही आले कधी. हाक मारली की मीच आनून देत होती." वहिनी रागाने बोलत नव्हत्या. जे होतं ते सांगत होत्या.

मी विचारलं, "परत फिरवू का?" भाऊंनी मान हलवली. "नाही. चाल."

बोरसीला मामा पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले होते. गुडघे गेलेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. दुसऱ्या डोळ्याने त्यांनी फाटकातल्या कोटाकडे पाहिलं. भाऊ फाटकाची कडी हातात धरून उभे. क्रेनच्या शिडीवरून वीसेक वर्षं सरसर चढणारा-उतरणारा माणूस, त्याला ती दोन पावलं पुढं टाकवेनात.

मामाच आधी बोलले. "ये. बस. मीच कापली होती वायर. झालं? आता ये."

"दादा," वहिनी म्हणाल्या, "मी सांगितलं त्यांले."

मामांचा चेहरा पडला. खरोखर चिडले ते. "कावून सांगितलं, बाई? इतके वर्षं सांभाळून ठेवलं होतं मी."

मग हळूहळू, कमी शब्दांत त्यांनी सांगितलं. त्या सकाळी ड्युटीवरून येताना गच्चीवरून लोंबणारी वायर त्यांना रस्त्यावरून दिसली. आज शेवटचा भाग, म्हणून जोडेही न काढता ते वर चढले. जोडायला जावं तर दोन टोकं एकमेकांपर्यंत पोचेनात. खाली उतरताना भाऊंच्या मागच्या अंगणात वेलाला बांधलेला तुकडा दिसला. तो सोडून आणला असता तर बाईचं नाव निघालं असतं. म्हणून नवी वायर शोधायला ते सायकलवर पॉवर हाउसच्या बाजारात गेले, तिथून सुपेल्याला, तिथून थेट दुर्गला. रविवार सकाळ, एकही दुकान उघडं नव्हतं. जोडे काढायला घरी जायला वेळच झाला नाही.

भाऊ त्यांच्यासमोर पडवीच्या पायरीवर बसले होते. खुर्ची होती, पण पायरीवर. म्हणाले, "मंग त्या दिवशी बोलला कावून नाहीस? बाईचं नाव नको घेऊ, पन मी नाही, एवढं तं म्हनायचं."

"तू विचारलं कुठं?" मामा म्हणाले. "तू तं सांगितलं."

सून पाणी घेऊन आली. "चाय बना दूँ?" तिने विचारलं. वहिनी उठू लागल्या, तर भाऊंनी हाताने त्यांना बसवलं आणि स्वतः उठून सुनेच्या मागे आत गेले. कप विसळले असतील, नाहीतर नुसते उभे राहिले असतील. त्यांनी चहा बाहेर आणला तेव्हा अर्धा बशांत सांडलेला होता.

मग पायरीवर बसून भाऊंनी विचारायला सुरुवात केली. फाइल नव्हती, वेळ लिहीत नव्हते. गुडघा पहिल्यांदा कधी दुखला. डोळ्याचं ऑपरेशन कुठं केलं, सोबत कोण होतं. पोराची नोकरी कशी सुटली, मग काय केलं. मामा उत्तर द्यायचे आणि भाऊ पुढचं विचारायच्या आधी थांबायचे. ऊन पडवीतून अंगणात उतरलं.

शेवटी भाऊंनी विचारलं, "मामी गेली तेव्हा?"

"सकाळी गेली. फार त्रास नाही झाला."

"तुही बाई आली होती मले न सांगता, हे मागून समजलं. खांद्याले कोन कोन होतं?"

मामांनी आठवून सांगितलं. "पोरगा. माहा भाचा. समोरचा किराणावाला." थोडं थांबले. "चौथा गल्लीतला कोनी होता. नाव नाही माहीत मले. चांगला होता बिचारा, घाटापर्यंत आला."



"थो मी पाह्यजे होतो," भाऊ म्हणाले.

"होय ना," मामा म्हणाले, आणि आपली खुर्ची सरकवून त्यांनी भाऊंना पडवीच्या खांबाला पाठ टेकायला जागा करून दिली.